पॅटर्नमधला बॅकस्लॅश-एन उघडायचा कोणी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याने सी भाषेत लॉग-फाइली तपासणारे एक साधन लिहिले आहे आणि त्यात पीसीआरई२ ही रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणाऱ्या ‘रेजेक्स’ भाषेची, लायब्ररी वापरली आहे. शोधायचे पॅटर्न आणि त्यांच्या जागी घालायचा मजकूर वापरकर्ते सेटिंग्जच्या फाइलमध्ये लिहितात, आणि नवी ओळ दाखवण्यासाठी तिथे बॅकस्लॅश-एन टंकतात. शोध बहुतेक वेळा नीट चालतो. बदली मजकुरात मात्र नवी ओळ येण्याऐवजी बॅकस्लॅश आणि एन ही दोन चिन्हे जशीच्या तशी उमटतात, आणि विंडोजवरून आलेल्या फाइलींत ओळीच्या शेवटाचे डॉलर-चिन्ह कशाशीच जुळत नाही. यावर त्यांनी योजलेला उपाय असा की, लायब्ररीकडे काहीही सोपवण्याआधी सगळीकडचे बॅकस्लॅश-एन शोधून त्या जागी खरेखुरे न्यूलाइन चिन्ह घालावे. हे योग्य आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

पॅटर्नच्या बाबतीत हे मुळीच करू नये. बदली मजकुराच्या बाबतीत काहीतरी करावे लागेल, पण ते या मार्गाने नव्हे. विंडोजच्या फाइलींचा प्रश्न तर बॅकस्लॅश-एनचा नाहीच. तिन्ही बाबी ‘नवी ओळ’ या एकाच शब्दाभोवती फिरत असल्यामुळे त्या एकच वाटतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. (या उत्तरात चिन्हांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, जिथे ‘मोठा’ असे म्हटलेले नाही तिथे रोमन लिपीतले लहान अक्षर समजावे.)

आधी एस्केप, म्हणजे बॅकस्लॅशने सुरू होणारी खूण, उघडतो कोण, म्हणजे तिच्या जागी खरे चिन्ह कोण घालतो, ते पाहू. सी भाषेच्या सोर्समध्ये अवतरणचिन्हांत बॅकस्लॅश-एन लिहिला, तर कंपायलर तो तिथल्या तिथे उघडतो आणि लायब्ररीच्या हाती १० क्रमांकाचे, म्हणजे न्यूलाइनचे, एकच चिन्ह पडते. बॅकस्लॅश दुहेरी लिहिला, तर लायब्ररीला बॅकस्लॅश आणि एन अशी दोन चिन्हे मिळतात आणि ती त्यांचा अर्थ स्वतः १० क्रमांकाचे चिन्ह असा लावते. दोन्ही वाटांनी जुळणी सारखीच होत असल्यामुळे आपण कोणत्या वाटेने आलो याकडे कोणी लक्ष देत नाही. पायथॉनमध्ये कच्च्या स्ट्रिंगचा (जिच्यातले एस्केप भाषा उघडत नाही) आग्रह का धरतात, हे बॅकस्लॅश-एनवरून कधीच पटत नाही. ते बॅकस्लॅश-बीवरून पटते. साध्या स्ट्रिंगमध्ये त्याचे ८ क्रमांकाचे बॅकस्पेस चिन्ह होते, तर रेजेक्सच्या भाषेत तो शब्दाच्या सीमेची खूण असतो. बॅकस्लॅश-एनच्या बाबतीत दोन्ही भाषांचे अर्थ योगायोगाने एक आहेत, इतकेच.

सेटिंग्जच्या फाइलमधून वाचलेला पॅटर्न कंपायलरच्या हातून जातच नाही. तेव्हा वापरकर्त्याने टंकलेली दोन चिन्हे दोनच राहतात, ती लायब्ररीला मिळतात आणि लायब्ररी ती उघडते. म्हणजे आज जे आपोआप घडते आहे तेच बरोबर आहे. त्यात मध्येच स्वतःची बदलाबदली घातली, तर काय बिघडते?

समजा एखाद्या वापरकर्त्याला विंडोजवरील ‘न्यू’ नावाच्या फोल्डरचा मार्ग शोधायचा आहे. ड्राइव्हचे अक्षर, कोलन, बॅकस्लॅश आणि मग एन-ई-डब्ल्यू. पॅटर्नमध्ये खरा बॅकस्लॅश हवा म्हणून तो नियमाप्रमाणे दोन बॅकस्लॅश लिहितो. आपली शोध-आणि-बदल ओळ या दोहोंपैकी दुसरा बॅकस्लॅश आणि त्यापुढचा एन यांची जोडी पकडते आणि त्या जागी न्यूलाइन घालते. उरलेला पहिला बॅकस्लॅश आता त्या न्यूलाइनच्या मागे उभा राहतो, आणि लायब्ररी त्याचा अर्थ ‘पुढचे चिन्ह जसेच्या तसे’ असा घेते. चूक दाखवणारा संदेश येत नाही, पॅटर्न बिनतक्रार कंपाइल होतो, आणि तो जे शोधतो ते जगातल्या कोणत्याही मार्गात नसते.

दुसरे नुकसान विस्तारित रचनेत होते, म्हणजे ज्या फ्लॅगमुळे पॅटर्नमधल्या मोकळ्या जागा दुर्लक्षित केल्या जातात त्या फ्लॅगखाली. तिथे खरे न्यूलाइन चिन्ह ही निव्वळ मोकळी जागा असते आणि ते टाकून दिले जाते. बॅकस्लॅश-एन ही दोन चिन्हे मात्र जुळवायचा मजकूर म्हणून टिकून राहतात. म्हणजे जिथे हे दोन प्रकार ‘सारखेच’ असल्याचे आपण गृहीत धरले, तिथे ते नेमके विरुद्ध वागतात. शिवाय याच रचनेत हॅश-चिन्हापासून सुरू होणारी टिप्पणी खऱ्या न्यूलाइनपाशी संपते, एस्केपपाशी संपत नाही. ‘इथे बॅकस्लॅश-एन जुळतो’ अशी टिप्पणी कोणी लिहिली असेल, तर आपल्या बदलामुळे ती मध्येच तुटते आणि तिचे उरलेले शब्द पॅटर्नचा भाग होऊन बसतात.

तिसरे नुकसान लहान आहे, पण मदतकक्षात बसलेल्या माणसाला विचारावे. कंपाइल करताना चूक सापडली, की पीसीआरई२ ती कितव्या स्थानावर आहे तो आकडा देते. आपण आधीच दोन चिन्हांचे एक केले असेल, तर हा आकडा वापरकर्त्याने लिहिलेल्या मजकुराशी जुळत नाही, आणि तो बिचारा भलत्याच कंसाकडे पाहत राहतो.

सेटिंग्जची फाइल कोणत्या स्वरूपात आहे, हेही इथे महत्त्वाचे ठरते. जेसन या माहिती-स्वरूपात स्ट्रिंगमधले एस्केप जेसनचा वाचकच उघडतो. त्यामुळे तिथे रेजेक्सचा प्रत्येक बॅकस्लॅश दुहेरी लिहावा लागतो. यॅमल या दुसऱ्या स्वरूपात दुहेरी अवतरणांत एस्केप उघडले जातात, एकेरीत उघडले जात नाहीत. साध्या ‘नाव बरोबर मूल्य’ स्वरूपाच्या फाइलीत, जिथे वाचणारा कोड आपणच लिहिलेला असतो, तिथे कोणीच काही उघडत नाही. पद्धत कोणतीही निवडा, पण एस्केप किती वेळा उघडला जातो ते मोजा आणि वापरकर्त्यांच्या पुस्तिकेत एका वाक्यात लिहून ठेवा. जाता जाता, जावामध्ये या थरांच्याही आधी एक थर आहे: युनिकोडचा यू-शून्य-शून्य-शून्य-ए असा एस्केप सोर्समध्ये लिहिला, तर स्ट्रिंग ओळखली जाण्यापूर्वीच त्याची खरी नवी ओळ होते, अवतरण अर्धवट राहते आणि प्रोग्राम कंपाइलच होत नाही. हे टिप्पणीतही घडते, यावर पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसत नाही.

आता बदली मजकुराकडे वळू. पॅटर्नची भाषा आणि बदली मजकुराची भाषा या दोन वेगळ्या भाषा आहेत, आणि दुसरीत बॅकस्लॅशला काय स्थान आहे यावर लायब्रऱ्यांचे एकमत नाही. पीसीआरई२ च्या सब्स्टिट्यूट फंक्शनमध्ये मूळ वागणुकीत केवळ डॉलर-चिन्ह विशेष असते. बॅकस्लॅश हे साधे चिन्ह असते. प्रश्नकर्त्याला दिसलेली दोन चिन्हे त्यामुळेच जशीच्या तशी उमटली. सब्स्टिट्यूट-एक्स्टेंडेड हा पर्याय दिला, की बॅकस्लॅशचे एस्केप तिथेही उघडले जातात, अक्षरे मोठी-लहान करण्याच्या खुणाही मिळतात, आणि न ओळखता येणाऱ्या एस्केपवर स्पष्ट चूक मिळते. माझा सल्ला हाच पर्याय घ्यावा असा आहे. परंतु ज्या वापरकर्त्यांनी बदली मजकुरात विंडोजचे मार्ग एकेरी बॅकस्लॅशने लिहून ठेवले आहेत, त्यांच्या जुन्या फाइली यामुळे बिघडतील, तेव्हा आवृत्तीचा क्रमांक बदलताना हे ठळकपणे सांगावे लागेल. पायथॉनची री लायब्ररी बदली मजकुरातला बॅकस्लॅश-एन उघडते, जावास्क्रिप्ट आणि डॉटनेट त्याला हात लावत नाहीत, आणि जावा तर त्यातला बॅकस्लॅश गिळून नुसता एन ठेवते, कारण तिथे बॅकस्लॅशचा अर्थ ‘पुढचे चिन्ह जसेच्या तसे’ एवढाच आहे.

काही कारणाने उलगडा स्वतःच करायचा असेल, तर तो डावीकडून उजवीकडे एकाच फेरीत करावा: बॅकस्लॅश दिसला की त्यापुढचे चिन्हही त्याच वेळी वाचून दोन्ही संपवावीत आणि मग पुढे सरकावे. सरसकट शोध-आणि-बदल करून एस्केप कधीच बरोबर उघडता येत नाहीत, कारण दोन बॅकस्लॅशांच्या जोडीतला दुसरा कोणता, हे त्या पद्धतीला कळूच शकत नाही.

उरला तो विंडोजचा प्रश्न, आणि खरे सांगायचे तर या विषयातला सगळा रस त्यातच आहे. पीसीआरई२ मध्ये बॅकस्लॅश-एनचा अर्थ १० क्रमांकाचे लाइन-फीड चिन्ह, आणि बॅकस्लॅश-आरचा अर्थ १३ क्रमांकाचे कॅरेज-रिटर्न चिन्ह. टेलिप्रिंटरवर पहिले चिन्ह कागद एक ओळ वर सरकवीत असे आणि दुसरे छापणारा भाग डाव्या कडेला परत आणीत असे. युनिक्सने ओळ संपवण्यासाठी १० पसंत केले, जुन्या मॅकने १३ घेतले, आणि डॉसने व पुढे विंडोजने १३ आणि १० अशी जोडी ठेवली. परंतु ‘ओळ कुठे संपते’ ही पॅटर्नमध्ये लिहिलेल्या एस्केपवर अवलंबून असलेली गोष्टच नाही. ती लायब्ररीची वेगळी सेटिंग आहे. पीसीआरई२ तिच्यासाठी सहा पर्याय देते: केवळ कॅरेज-रिटर्न, केवळ लाइन-फीड, दोघांची जोडी, या तिन्हींपैकी कोणतेही, युनिकोडमधले कोणतेही ओळ-अंत चिन्ह, आणि शून्य क्रमांकाचे चिन्ह. एरवी कोणत्याही चिन्हाशी जुळणारा बिंदू कशाशी जुळत नाही, अनेक-ओळी फ्लॅगखाली ओळीच्या सुरुवातीची टोपी आणि शेवटाचा डॉलर कुठे जुळतात, आणि टिप्पणी कुठे संपते, हे सगळे या सेटिंगवरून ठरते. बॅकस्लॅश-एनचा अर्थ मात्र तिच्यामुळे तसूभरही बदलत नाही.

आता सेटिंग ‘केवळ लाइन-फीड’ असताना विंडोजची फाइल आली, तर काय होते ते पाहा. डॉलर १० क्रमांकाच्या चिन्हाच्या अलीकडे जुळतो, पण त्याच्याही अलीकडे १३ क्रमांकाचे चिन्ह उभे आहे; त्यामुळे ‘त्रुटी’ या शब्दापुढे डॉलर असा पॅटर्न जुळत नाही. उलट, बिंदू-तारा (म्हणजे कितीही चिन्हे) अशा पॅटर्नला तेच १३ क्रमांकाचे चिन्ह साध्या अक्षरासारखे वाटते आणि ते पकडलेल्या गटाच्या शेपटीला चिकटून पुढे डेटाबेसपर्यंत जाते. पडद्यावर ते दिसत नाही, आणि दोन दिसायला सारखी मूल्ये समान का ठरत नाहीत यावर दुपार खर्ची पडते.

लॉग-फाइली सगळीकडून येणार असतील, तर ‘तिन्हींपैकी कोणतेही’ हा पर्याय घ्यावा, आणि तो कंपाइल-काँटेक्स्टवर न्यूलाइन ठरवणाऱ्या फंक्शनने स्पष्टपणे द्यावा. ‘मूळ मूल्य ठीकच असेल’ असे समजू नये. ते लायब्ररी बांधताना ठरवले जाते, आणि दोन यंत्रांवरच्या बांधण्या वेगळ्या असू शकतात. वापरकर्ता पॅटर्नच्या अगदी सुरुवातीला तारांकित कंस लिहून ही सेटिंग आपल्यापुरती बदलू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

या पर्यायाबरोबर एक बारीक नियम येतो, जो ठाऊक नसला तर माणूस चक्रावतो. जोडीला ओळ-अंत मानणारी सेटिंग असताना, जुळणीचा प्रयत्न नेमका १३-१० या जोडीपाशी सुरू होऊन फसला आणि पॅटर्नमध्ये या दोन चिन्हांचा स्पष्ट उल्लेख नसला, तर लायब्ररी एक पाऊल न सरकता पूर्ण जोडी ओलांडते. समजा, पॅटर्न बॅकस्लॅश-एस (मोकळ्या जागेचे कोणतेही चिन्ह) आणि त्यापुढे ‘समाप्त’ असा आहे आणि मजकूर जोडीने सुरू होऊन लगेच ‘समाप्त’ म्हणतो. पहिल्या प्रयत्नात बॅकस्लॅश-एस कॅरेज-रिटर्नशी जुळतो, पण पुढे ‘स’ऐवजी लाइन-फीड येते. त्यानंतर सुरुवात थेट ‘स’वर जाते, लाइन-फीडपासून प्रयत्न होतच नाही, आणि जुळणी सापडत नाही. बॅकस्लॅश-एसमध्ये ही दोन्ही चिन्हे मोडत असली, तरी तो त्यांचा स्पष्ट उल्लेख धरला जात नाही. त्या जागी चौकटी कंसात बॅकस्लॅश-आर आणि बॅकस्लॅश-एन लिहिले, की तोच मजकूर जुळतो. ही तडजोड आहे आणि बहुतेक वेळा ती सोयीचीच पडते.

ओळींच्या सीमांवर मजकूर तोडण्यासाठी बॅकस्लॅश-मोठा-आर हा एस्केप असतो. पर्लमध्ये तो २००७ साली ५.१० आवृत्तीत आला आणि जावामध्ये आठव्या आवृत्तीत. तो १३-१० ही जोडी एकसंध धरतो, आणि १० ते १३ यांपैकी कोणतेही एकेकटे चिन्ह, १३३ क्रमांकाचे ‘पुढील ओळ’ चिन्ह, तसेच युनिकोडची ओळ-विभाजक व परिच्छेद-विभाजक ही दोन चिन्हे, यांच्याशीही जुळतो. त्याचा विस्तार वर सांगितलेल्या न्यूलाइन-सेटिंगवर अवलंबून नसून बीएसआर (म्हणजे बॅकस्लॅश-मोठा-आर) नावाच्या वेगळ्याच सेटिंगवर असतो. तो दोन चिन्हांचीही जुळणी करू शकत असल्यामुळे चौकटी कंसात लिहिता येत नाही. तिथे पीसीआरई२ चूक देते.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने या एस्केपपाशी थोडे थांबावे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सभासदांच्या नावांची एक यादी आली होती, जी पीएचपीमध्ये बॅकस्लॅश-मोठा-आरने ओळींत तोडली जात होती. पीएचपीची रेजेक्स फंक्शने आतून पीसीआरईच वापरतात. ‘आनंद’, ‘उषा’, ‘सुनील’ नीट येत होते. ‘अनिल’ आणि ‘अशोक’ मात्र आधी एक प्रश्नचिन्हाचा चौकोन आणि मग नव्या ओळीवर ‘निल’, ‘शोक’ असे तुटत होते. पहिला संशय अर्थातच फॉन्टवर गेला, कारण आपल्याकडे देवनागरीचे काहीही बिघडले की तो तिथेच जातो. खरे कारण असे होते की यूटीएफ-८ या युनिकोड अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत ‘अ’ तीन बाइटांनी लिहिला जातो आणि त्यांतला शेवटचा बाइट १३३ क्रमांकाचा असतो. यूटीएफचा फ्लॅग दिलेला नसल्यामुळे लायब्ररी प्रत्येक बाइटला एक स्वतंत्र चिन्ह समजत होती, आणि १३३ म्हणजे तिच्या लेखी ओळीचा अंत होता. देवनागरीच्या मूळ खंडात असा शेवटचा बाइट असलेली दोनच चिन्हे आहेत: एक ‘अ’ आणि दुसरी ‘मॅनेजर’मधली चंद्राची मात्रा. त्यामुळे हजारो ओळींच्या यादीत बिघाड मोजक्याच ठिकाणी दिसतो आणि चाचणीत ‘राम’ व ‘सीता’ टंकणाऱ्याला तो कधीच सापडत नाही. याच न्यायाने, फ्लॅगशिवाय आडव्या मोकळ्या जागेचा बॅकस्लॅश-एच ‘ठ’च्या शेवटच्या बाइटाशी जुळतो, कारण तो १६० क्रमांकाचा असतो. उपाय एका अक्षराचा होता: पॅटर्नच्या शेवटी यू हा फ्लॅग. तो दिला, की लायब्ररी बाइट न मोजता अक्षरे मोजते. प्रश्नकर्त्यानेही मजकूर यूटीएफ-८ असेल तर कंपाइल करताना यूटीएफ पर्याय द्यावाच, आणि ज्या फाइलींचे एन्कोडिंग अनिश्चित आहे त्यांच्यासाठी बीएसआर सेटिंग तीन नेहमीच्या ओळ-अंतांपुरती मर्यादित ठेवावी.

लायब्ररी बदलली की हे सगळे पुन्हा तपासावे लागते. पायथॉनच्या री लायब्ररीत बिंदू फक्त १० क्रमांकाच्या चिन्हाला टाळतो, जावास्क्रिप्टमध्ये चार चिन्हांना, तर जावामध्ये मूळ वागणुकीत १३३ क्रमांकासह पाच चिन्हांना आणि जोडीलाही. पायथॉनमध्ये बॅकस्लॅश-मोठा-आर नाही आणि तसे सांगणारी चूकही मिळते. जावास्क्रिप्टमध्येही तो नाही, पण यू फ्लॅग नसताना तिथे तो मुकाट्याने मोठ्या आर या अक्षराशीच जुळतो, जे चूक मिळण्यापेक्षा वाईट आहे.

तपासणीसाठी, म्हणजे वापरकर्त्याने दिलेले मूल्य वैध आहे का हे पाहण्यासाठी, पॅटर्न लिहिणाऱ्यांनी डॉलरवर विसंबू नये. पर्ल, पीसीआरई२ आणि पायथॉनमध्ये अनेक-ओळी फ्लॅग नसतानाही डॉलर मजकुराच्या अगदी शेवटी जुळतो आणि शेवटच्या न्यूलाइनच्या अलीकडेही जुळतो. म्हणजे ‘फक्त अंक’ मागणारा पॅटर्न अंकांमागे न्यूलाइन लपवलेले मूल्यही पास करतो. पीसीआरई२ मध्ये यासाठी बॅकस्लॅश-झेड किंवा डॉलर-एंडओन्ली हा पर्याय आहे. पायथॉनमध्ये फुलमॅच वापरावे. रूबीमध्ये टोपी आणि डॉलर नेहमीच प्रत्येक ओळीपुरते असतात, त्यामुळे तिथे धोका अधिक मोठा आहे.

एक गोष्ट प्रश्नात नाही, पण बहुधा घडणार आहे. सेटिंग्जची फाइलच विंडोजवर लिहिलेली असली आणि आपला कोड ती १० क्रमांकावर तोडत असला, तर प्रत्येक पॅटर्नच्या शेवटी एक अदृश्य कॅरेज-रिटर्न उरते आणि तो पॅटर्न कधीच जुळत नाही. ओळ वाचल्यावर शेवटचे १३ क्रमांकाचे चिन्ह, असल्यास, काढून टाकावे. त्यापलीकडे पॅटर्नला हात लावू नये.

या सगळ्याच्या चाचण्या लिहिताना तिन्ही प्रकारचे ओळ-अंत असलेले नमुने फाइलींत साठवू नयेत. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या ऑटोसीआरएलएफ सेटिंगने एखाद्या सहकाऱ्याच्या यंत्रावर त्या फाइलींतले ओळ-अंत बदलले, तर चाचणी पास होत राहील आणि तपासणार मात्र काहीच नाही. हे नमुने कोडमध्येच षोडशमान एस्केपांनी लिहावेत, आणि त्यांत एक ‘अ’ने सुरू होणारे नाव असावे.